पाऊण तासाचा फोन

१

देवीचा चेहरा चोरीला गेला होता आणि मुखवटा मात्र जागच्या जागी होता. पंचवटीतल्या पाराशऱ्यांच्या कारखान्यात, मधल्या टेबलावर लाल फडक्याखाली तो चांदीचा मुखवटा नीट झाकून ठेवलेला होता. तोच चेहरा, पितळेत ओतलेला, पंज्याएवढा, नदीपलीकडच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या दारात डझनानं लटकत होता. जत्रा तोंडावर आली होती. ज्या गावानं हे काम दिलं होतं त्या गावाला दिवाकर पाराशऱ्यांनी शब्द दिला होता, की हा चेहरा जगात दुसरीकडे कुठं दिसणार नाही.

कुसुम पाराशरे चौकात उभ्या होत्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी त्या बसल्या नसत्या. दिवाकर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. वडील गेले त्या वर्षापासून दोघांमध्ये लग्नाच्या पत्रिकेपुरतंही बोलणं उरलं नव्हतं. कुसुमताईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, निवृत्त झाल्या त्या मोठ्या इंजिनिअर म्हणून. जीभ मात्र निवृत्त झाली नव्हती. भावाचा निरोप आला, की फोनच्या तारेतून चोरी झालीय, येऊन बघून जा, तेव्हा त्या आल्या त्या मायेनं नव्हे. पाराशऱ्यांना आपली गरज पडली, हे दृश्य त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

वरच्या मजल्यावर, राहत्या घरात, कोणीतरी फोनवर कडाडत होतं. तो भाचा आल्हाद, दिवाकररावांचा एकुलता मुलगा, कारखान्याची विक्री बघणारा. इंटरनेटवाल्या कंपनीला तो चोर, लुटारू, दरोडेखोर असं चढत्या क्रमानं म्हणत होता. शंभरचा प्लॅन घेतला आणि पिक्चर उतरतो तो बाराच्या वेगानं, वर म्हणता सगळं ठीक आहे, ग्राहक काय शेण खातो का, असा एकूण सूर होता. कुसुमताईंना वाटलं, आवाज आजोबांवर गेलाय, बुद्धीचं बघू.

दिवाकरराव पायऱ्या उतरून आले. त्यांनी बहिणीला नमस्कार केला नाही, सरळ हकिकतच सांगायला लागले. मुखवट्याचा मातीचा नमुना कारखान्यातली कारागीर वैष्णवी हिनं घडवला होता. तिनंच तो स्कॅन करून संगणकात भरला. त्या नमुन्यावर देवीच्या डाव्या कानामागं एक ओरखडा राहून गेला होता. चांदीवर तो हातानं घासून काढला, पण फाइलीत तसाच राहिला, आणि बाजारातल्या प्रत्येक पितळी चेहऱ्यावर तो ओरखडा होता. म्हणजे नक्कल मुखवटा बघून झालेली नव्हती, फाइलच बाहेर गेली होती.

आणि कारखान्यात इंटरनेट नाही. ‘नेटवर ठेवलं ते चव्हाट्यावर ठेवलं,’ हे दिवाकररावांचं ब्रीदवाक्य. घरात वर काय वाटेल ते चालो, खाली बंदी. बाहेर जाणारी एकच वाट होती, जुना टेलिफोन आणि त्याला जोडलेला मोडेम. एके काळी घराघरात ट्यूं-खर्रर्र करत इंटरनेट आणणारी ती पेटी पाराशऱ्यांकडे अजून जिवंत होती, कारण अंबडच्या त्यांच्या शेडमध्ये नथी आणि नक्षीचे काठ कोरणारं एक जुनं मशीन होतं आणि त्याच्या छोट्या छोट्या फाइली रोज याच तारेतून जात.

दिवाकररावांनी खिशातून कागद काढला. फोनचा तपशील. त्यात एका दुपारी कारखान्यातून देवळाली कॅम्पातल्या एका नंबरावर पाऊण तासाचा कॉल झालेला दिसत होता. तो नंबर वैष्णवीच्या घरचा होता.

“आल्हादनं आधीच सांगून ठेवलं होतं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. “म्हणाला, बाबा, तपशील मागवा आणि पाऊण तासाच्या आसपासचा कॉल शोधा. आठवड्यानं तपशील आला, आणि बरोब्बर तोच निघाला.”

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. कामगारांसमोर ते पोरीला चोर म्हणून मोकळे झाले होते. आज संध्याकाळी पोलीस चौकीत तक्रार जायची होती, आणि तिच्यासोबत टेलिफोन खात्यातल्या जाणकार माणसाचं मत म्हणून कुसुमताईंची सही हवी होती.

“सही करायला पेन आणलंय मी,” कुसुमताई म्हणाल्या. “पण आधी पोरगी दाखव.”

२

वैष्णवी मागच्या खोलीत, स्कॅनच्या यंत्रापाशी, भिंतीला टेकून उभी होती. तिशीच्या आतली, डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. तुम्ही त्यांच्याच ना, एवढं म्हणून तिनं तोंड फिरवलं. कुसुमताई म्हणाल्या, की मी कोणाचीच नाही, म्हणून तर मला बोलावलंय. त्यावर ती जरा वळली.

तिच्या घरी मोडेम आला तो टाळेबंदीत, दिवाकररावांनीच बसवून दिला होता, घरून मशीनला फाइली पाठवता याव्यात म्हणून. तो पलीकडून घंटी आली की आपोआप कॉल उचलत असे, आणि हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. ज्या दुपारचा हा कॉल होता त्या दुपारी ती याच खोलीत पॉलिश करत होती. मोडेम पुढच्या ऑफिसात. कामगार जेवायला गेलेले, मालक वर झोपलेले. आल्हाददादा ऑफिसात ये-जा करत होते, आणि मालकांचे जावई रोहितदादा अंबडहून साचा न्यायला आले होते. फाइलीच्या खोलीची किल्ली तिघांकडेही होती.

“मी मालकांना म्हटलं, एवढी मोठी फाइल त्या डब्यातून जाईल का? ते म्हणाले, हिशेब करून बघितलाय, बसतो.”

फाइल केवढी होती, कुसुमताईंनी विचारलं. दीडशे एमबी, ती म्हणाली, आणि तीही दाबून दाबून. याहून लहान होत नाही.

मग वैष्णवीनं ठशाचा विषय काढला. पाराशऱ्यांच्या घरात चांदीवर मारायचा एक पोलादी ठसा होता, शंखाचा, मधल्या बोटाएवढा. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कामाच्या पाठीवर तो बसे. तो मारायचा मान पणजोबांपासून बापाकडून मुलाकडे आलेला. कुसुमताई लहानपणी भावापेक्षा बरी नक्षी काढायच्या, पण ठसा दिवाकरच्या हातात गेला, कारण मुलीच्या हातात ठसा देत नाहीत. आणि वैष्णवी आता सांगत होती, की गेल्या दसऱ्याला मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, या मुखवट्यावर ठसा वैष्णवी मारेल; आल्हादला व्यापार कळतो, हात नाही.

म्हणजे बहिणीला नाकारलं ते परक्याच्या पोरीला द्यायला निघाला होता आणि लगेच चोर म्हणून काढूनही घेत होता. कुसुमताईंना भावाचा राग आला, तो नवा नव्हता. पोरीचाही थोडा आला, तो मात्र त्यांना आवडला नाही.

वैष्णवी म्हणाली, “मॅडम, तुरुंगाचं मला काही नाही. पण सराफ बाजारात एकदा चोर म्हटलं ना, की नाशकात कुठल्याच पेढीवर बसू देत नाहीत. माझ्या हाताला दुसरं काही येत नाही.”

बाहेर रिक्षा शोधता शोधता कुसुमताईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. आयुष्य याच हिशेबात गेलेलं, त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत उत्तर हातात होतं. ती फाइल पाऊण तासात त्या तारेतून गेलेलीच नव्हती. जाणं शक्यच नव्हतं. मग पाऊण तास त्या तारेतून गेलं तरी काय?

३

देवळाली कॅम्पात, बाजारामागच्या चाळीत, साळूबाईंनी दार अर्धंच उघडलं. वैष्णवीची आई मूळची हरसूलकडची, नवरा तोफखान्यात कारकून होता तेव्हा इथं आलेली आणि तो गेल्यावर इथंच राहिलेली. पाराशरे हे आडनाव ऐकताच त्यांनी दार लावायला घेतलं. कुसुमताईंनी उंबऱ्यात पाय ठेवला आणि सांगितलं, की माझाही त्या घराशी उभा दावा आहे. हे ऐकून दार जरा उघडलं, पण पाणी काही विचारलं गेलं नाही.

कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या खाली, टेलिफोन आणि त्याच्या शेजारी ती पेटी होती. त्या दुपारची साळूबाईंना पक्की आठवण होती, कारण हरसूलहून बहिणीचा फोन यायचा होता आणि तो लागलाच नाही.

“पेटी आधी वरडली, मंग गप बसली. पन दिवा लागल्याला. मी फोन उचालला, तं नुसतं खरखर. बहीण तिकडं कवाची वाट बघत बसली. मी पेटीला हात नाय लावला. पोरगी म्हनती, आये, हात नको लावू.”

घरात दुसरं कोणी नव्हतं. संगणक बंद होता, त्यावर फडकं होतं. कुसुमताईंना हे हवंच होतं, पण एकट्या आईची साक्ष दिवाकर चुलीत घालणार हेही त्यांना माहीत होतं. त्या उठल्या, तेव्हा साळूबाई मागून बोलल्या.

“आदल्या दिशी बी फोन आल्ता. गडी मानूस. लय गोड बोलला, काकू म्हनला. पेटी चालू हाय का, बंद नका करू उद्या, कारखान्यातून बोलतोय म्हनला.”

नाव सांगितलं का, कुसुमताईंनी विचारलं. सांगितलं होतं. रोहित म्हणाला होता.

४

रोहितला गाठायला कुसुमताई अंबडच्या शेडमध्ये गेल्या, तेव्हा भट्टी तापलेली होती आणि त्याचं डोकंही. दिवाकररावांचा हा जावई उंच, काळवंडलेला, सासऱ्याच्या हाताखाली पाच वर्षं राबलेला. आत्या म्हणून वाकला तेवढाच, पुढं सरळ भांडायलाच उठला. पितळी चेहरे विकणाऱ्या दुकानात त्याला दोनदा बघितल्याचं बाजारात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुसुमताईंनी ते तोंडावर विचारलं.

हो, गेलो होतो, तो म्हणाला. नोकरी मागायला. सासऱ्याच्या घरात जावयाला मान असतो म्हणतात, इथं मला कोळसा टाकायलाही विचारावं लागतं. तो दुकानदार मला ठेवून घेणार होता. आता या प्रकरणानंतर मी तिथं उभा राहिलो तर फाइल मीच दिली असं म्हणतील, म्हणून तेही गेलं. साळूबाईंना फोन केल्याचं त्यानं साफ नाकारलं. वैष्णवीच्या घरचा नंबरही आपल्याला पाठ नाही, म्हणाला.

कुसुमताईंचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. गोड आवाजात काकू म्हणणारा माणूस इतका तिरसट असू शकतो का, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि माणसं काहीही असू शकतात. त्यांनी विषय बदलला. त्या कोरणाऱ्या मशीनकडे बोट दाखवून विचारलं, हे कसं चालतं रे?

रोहित कुचकट हसला. “चालतं कुठं, रांगतं. पाच एमबीची नथ यायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात माझा चहा होतो, भांडण होतं, आणि परत चहा होतो. रोजचंच आहे.”

“आणि पाऊण तासात किती येईल?”

“दहा-अकरा एमबी. देवीचं एक नाक येईल फार तर.”

कुसुमताई थांबल्या. मग त्यांनी त्याच्याकडून कागद मागून घेतला नाही, हिशेब लिहिला नाही, काही नाही. रोज हा डबा ज्याच्या नाकासमोर रांगतो, तो माणूस दीडशे एमबीच्या चोरीचा आळ घालायला पाऊण तासाचा फोन कशाला करेल? तो पाऊण दिवस तरी फोन चालू ठेवेल. पाऊण तास पुरतो असं ज्याला वाटत होतं, तो माणूस या डब्याशी कधी बसलाच नव्हता. त्यानं वेग कुठंतरी वाचला होता आणि भागाकार केला होता.

आणि मग त्यांना सकाळचं आठवलं. शंभरचा प्लॅन, आणि बारानं उतरतंय.

“रोहित,” त्या म्हणाल्या, “तुझ्या मशीनचा संगणक चालू ठेव, येईल ती फाइल घेऊ दे. आणि चल माझ्याबरोबर पंचवटीला. सासऱ्याला तू आवडत नाहीस ना? मलाही तो आवडत नाही.”

५

संध्याकाळी ऑफिसात पाच माणसं होती आणि पाचांपैकी कोणालाही दुसऱ्याचं तोंड बघायचं नव्हतं. दिवाकरराव खुर्चीत, तक्रारीचा कागद समोर. आल्हाद टेबलाच्या कडेवर बसून पाय हलवत होता. वैष्णवी दारात, रोहित खिडकीत. कुसुमताईंनी मोडेमशेजारी स्टूल ओढलं.

त्यांनी भाच्याला विचारलं, ही पेटी किती वेगाची, आणि ती फाइल जायला किती वेळ लागेल?

आल्हादनं फोनवरच बोटं चालवली. “छप्पन केचा मोडेम. दीडशे एमबी म्हणजे दीड लाख के. भागिले छप्पन. पंचेचाळीस मिनिटं, आत्या. म्हणूनच तर पकडली.”

“मग पाठवू या,” कुसुमताई म्हणाल्या. “अंबडला. पाऊण तास बसू सगळे, आणि फाइल पोचली की मी सही करते.”

रोहितनं फाइल लावली. पेटी ट्यूं करून ओरडली, खरखरली आणि गप्प झाली. पडद्यावर एक निळी पट्टी दिसायला लागली, म्हणजे दिसायला लागली असं म्हणायचं.

तो पाऊण तास त्या ऑफिसात कोणाला विसरता आला असेल असं वाटत नाही. चहा आला आणि कोणी घेतला नाही. दिवाकररावांनी एकदा रोहितला विचारलं, त्या दुकानात कशाला जात होतास, आणि रोहितनं सांगितलं, तुमच्यापासून सुटायला. वैष्णवी उभीच होती. आल्हाद आधी पडद्याकडे मधूनमधून बघत होता, मग सारखाच बघायला लागला. पाय हलायचे थांबले. त्यानं मोडेमची वायर घट्ट आहे का ते तपासलं, मग लाइन खराब असेल म्हणाला.

पाऊण तासानं कुसुमताईंनी पडदा भावाकडे फिरवला. पट्टी सात टक्क्यांवर होती.

दिवाकररावांना कळेना. बहिणीनं त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. बारा मासे म्हणजे एक तोळा, हे तुला झोपेतही कळतं. संगणकातही असाच मासा आणि तोळा असतो. मासा म्हणजे बिट आणि तोळा म्हणजे बाईट, आठ बिटांचा एक बाईट. तारेचा वेग सांगतात तो माशात, आणि फाइलीचं वजन सांगतात ते तोळ्यात. छप्पनला आधी आठनं भागायचं, सात राहतात. आणि दोन घरगुती पेट्या एकमेकींशी थेट बोलल्या, की तेवढाही वेग मिळत नाही, त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक. ही फाइल जायला दहा तास लागतील. तुझी चांदी या तारेतून गेलीच नाही.

आल्हाद उठला. बरं, नाही गेली, मग पेनड्राइव्हवर नेली असेल तिनं, तो म्हणाला. किल्ली तिच्याकडेही होती.

“नेली असती,” कुसुमताई म्हणाल्या. “पण मग तिनं स्वतःच्याच घरी पाऊण तास फोन कशाला लावून ठेवला? स्वतःच्या नावानं पुरावा सोडायला? तो फोन चोरी करायला झालेला नाही, आल्हाद. चोरी दुसऱ्याच्या अंगावर टाकायला झालाय. आणि तो ज्यानं केला त्याला वाटत होतं, दीडशे एमबीला पाऊण तास लागतो.”

रोहितला तसं वाटणं शक्य नव्हतं, तो रोज घड्याळ बघतो. वैष्णवीही त्या पेटीतून फाइली पाठवते, तिला तर पहिल्या दिवसापासून शंका होती. दिवाकरला छप्पन म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याचा हिशेबही आल्हादनंच करून दिलेला. एकच माणूस उरतो, जो कारखान्यातल्या डब्याला कधी हात लावत नाही आणि वर घरात शंभरच्या प्लॅनवर बाराच उतरतं म्हणून कंपनीला लुटारू म्हणतो. शंभर मासे घेतले, बारा तोळे मिळाले, आणि सोन्याचांदीत वाढलेला हा मुलगा वजनात मारलं म्हणून ओरडतो.

“हा काही पुरावा नाही,” आल्हाद म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता, आणि एकदम गोड झाला होता. रोहितचं नाव सांगून साळूबाईंना काकू म्हणणारा आवाज हाच असणार, हे कुसुमताईंना तेव्हा कळलं.

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि भावाकडे वळल्या. “दिवाकर, सकाळी तू मला काय सांगितलंस? तपशील यायच्या आधी याला पाऊण तास माहीत होता. तू कौतुक केलंस. आता विचार कर. खरा हिशेब दहा तासांचा. यानं चुकीचा केला आणि पाऊण तास काढला. आणि तपशिलात निघाला तो नेमका पाऊण तास. चुकीच्या हिशेबाचं उत्तर बरोबर कसं निघालं?”

पेटी खरखरत होती.

“ज्यानं तो फोन केला, त्यालाच ते उत्तर आधी माहीत असणार.”

६

आल्हादनं नाकारलं नाही. नाकारायला वाव उरला नव्हता, आणि दुसरं म्हणजे त्याला बापाला ऐकवायचंच होतं. फाइल मीच वर नेली, मीच दिली, तो म्हणाला. त्या दुकानाशी भांडण नव्हतं आणि प्रेमही नव्हतं. पण या मुखवट्याची अब्रू गेली असती तर ठसा या पोरीच्या हातात गेला नसता. पणजोबांपासून मुलाकडे येतोय तो. दसऱ्याला चार कामगारांसमोर माझा हात नाही असं सांगितलंत, तेव्हा माझ्या तोंडाकडे बघितलंत का एकदा तरी?

दिवाकररावांनी तक्रारीचा कागद घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. मग ते खालच्या आवाजात बोलले, आणि बोलले ते बहिणीशी. घरातलं घरात राहू दे, अक्का. पोरीला उद्यापासून कामावर घेतो. झालं ते झालं.

कुसुमताईंना हे वाक्य जुनं होतं. वडील गेले तेव्हाही त्यांनी हेच ऐकलं होतं, घरातलं घरात राहू दे. त्या उठल्या, चौकात गेल्या आणि कामगारांना जेवायला बोलावायची पितळी घंटा त्यांनी स्वतः वाजवली. भट्टीवरची, पॉलिशची, साच्यांची माणसं हात पुसत जमली. त्याच चौकात त्यांनी वैष्णवी चोर असल्याचं ऐकलं होतं.

दिवाकरराव दारात आले. म्हणाले, की चौकशी झाली, वैष्णवीनं काही केलेलं नाही. मग ते आत गेले आणि ठसा घेऊन आले, आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढे धरला. मुखवटा टेबलावर पालथा घातला होता, पाठ कोरी होती.

“मार,” ते म्हणाले. “तुझाच मान आहे.”

वैष्णवीनं हात पुढं केला नाही.

“मला चोर म्हणताना तुम्ही माझं नाव घेतलं होतं,” ती म्हणाली. “आता चोराचं घ्या.”

आतल्या पेटीची खरखर चौकात ऐकू येत होती. आल्हाद बापाच्या मागं, दारातच उभा होता. दिवाकररावांचा हात ठशासकट खाली आला. कुसुमताईंना वाटलं, हा मरेल पण बोलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्या भावाला ओळखण्यात चुकल्या.

“आल्हादनं केलं,” ते म्हणाले. “माझ्या मुलानं. बाजारातही मी तेच सांगेन, उद्या स्वतः जाऊन.”

वैष्णवीनं मान हलवली. मग खोलीची किल्ली काढून मुखवट्याशेजारी ठेवली. मी येणार नाही, ती म्हणाली, साधेपणानं, जेवायला येणार नाही म्हणावं तशी. माझ्या आईला चाळीत चोराची आई म्हणून झालंय. हे काम माझं आहे, देवीला जाऊ दे. तुमचं चिन्ह मात्र त्यावर नको. आणि ती बाहेर पडली, देवळालीची बस गाठायला.

ठसा दिवाकररावांनी टेबलावर ठेवला. घ्यायला कोणीच पुढं आलं नाही. आल्हाद जिना चढून वर गेला होता, रोहितनं गाडीची किल्ली हातात घेतली होती, कामगार खाली मान घालून पांगत होते. कुसुमताई टेबलाजवळ आल्या आणि तो पोलादी तुकडा त्यांनी उचलला. लहानपणापासून त्याला हात लावायची मनाई होती, त्यामुळे तो किती जड असेल याची त्यांनी आयुष्यभर कल्पनाच केली होती. चमच्याएवढा होता.

“अक्का,” दिवाकर म्हणाला, “जेवून जा.”

त्यांनी ठसा होता तिथं परत ठेवला आणि चपला घातल्या.

मुखवटा जत्रेला वेळेवर गेला, पाठ कोरी ठेवूनच. त्या रात्री तो फोन ठेवायचं मात्र कोणाला सुचलं नाही, आणि पाराशऱ्यांच्या ऑफिसात ती पेटी पहाटेपर्यंत देवीचा चेहरा अंबडला पाठवत राहिली.